डांगीची पूजा झाली, आता चराईचं बोला

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं. तेव्हापासून मराठीत गायीवर जो वाद चालू आहे त्यात तीन पक्ष आहेत आणि तिघांचीही पाठ डोंगराकडे आहे. पहिला म्हणतो, गाय आई आहे, आईचा हिशोब मांडायचा नसतो. दुसरा म्हणतो, दोन लिटर दूध देणारं जनावर पोसण्याची चैन परवडत नाही, विदेशी होल्स्टीन बांधा नाहीतर गप्प बसा. तिसऱ्याचं सगळं बोलणं २०१५ च्या गोवंश हत्याबंदीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. तिघंही नुसतं 'गाय' म्हणतात. कुठली गाय, कुठल्या पावसात उभी असलेली, कोणाच्या दावणीची, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही. गीर, खिलार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी, कोकण कपिला ही सगळी एकाच पोत्यात भरून वाद घातला की तो जोरात होतो, पण त्यातून कुठल्याच जनावराचं काही भलं होत नाही.

मी इथे एकाच जातीबद्दल बोलणार आहे. अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा, शहापूर आणि पलीकडे गुजरातचा डांग जिल्हा, या सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या डांगीबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. डांगी लिटरवर वाचणार नाही आणि आरतीवरही वाचणार नाही. तिला चरायला रान पाहिजे, वर्षभर काही ना काही काम पाहिजे, आणि थकलेल्या जनावराचा खर्च कोणी उचलायचा याचं रोख उत्तर पाहिजे. या तिन्हीची जबाबदारी आज एकट्या पाळणाऱ्याच्या गळ्यात आहे. बाकीचे आपण सगळे व्यासपीठावर.

डांगी ओळखायला पशुवैद्य लागत नाही. मध्यम बांधा, अंगावर काळे-पांढरे किंवा तांबडे-पांढरे पट्टे आणि ठिपके. त्यांच्यावरूनच पारा, मणेरा, बहाळा अशी नावं पडलेली. पावसात भिजत उभ्या असलेल्या डांगीच्या पाठीवरून तळहात फिरवला तर तो तेलकट लागतो. कातडीतून पाझरणाऱ्या या तेलकटपणामुळे पाणी केसांत मुरत नाही, ओघळून जातं. अकोल्याच्या डोंगरात, घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्याचे महिने अंग कोरडं म्हणून होत नाही. तिथे ही गोष्ट शोभेची नाही, जगण्या-मरण्याची आहे. दुसरी गोष्ट खूर. काळे, गच्च, टणक. राजूरच्या डांगी प्रदर्शनात वळू पाहायला आलेला जुना माणूस गुलाल आणि झुलीकडे दुर्लक्ष करून वाकतो आणि खूर बघतो. भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात औत ओढायचं आणि तेच पाय घेऊन खडकाळ उतार चढायचा, ही कामं एकाच जनावराकडून करून घ्यायची तर खूर आधी बघावाच लागतो. महादेव कोळी, ठाकर, कानडी, मराठा अशा घरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून हे जनावर घडवलं. कुठल्याही विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ते झालेलं नाही.

आता दुधाचा मुद्दा. तो टाळून डांगीची बाजू मांडणारे मला अप्रामाणिक वाटतात. डांगीचं एका वेताचं दूध सरासरी ४३० किलोच्या आसपास. संकरित गाय तेवढं दूध महिना-दीड महिन्यात देते. शिवाय डांगी वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू लावायचं, पान्हा फुटला की ते बाजूला बांधायचं, मग तांब्या घेऊन बसायचं. हे काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं, आणि शिकलेल्या सुनेने या खटाटोपाला नकार दिला तर तिला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार पिशवीचं दूध आणून चहा पिणाऱ्यांना नाही. प्रवरेच्या काठी, बागायती पट्ट्यात, संकरित गायींनी घरं उभी केली, मुलींची शिक्षणं केली, सावकार दारातून हलवला. १९६७ साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी सुरू केलेल्या 'बाएफ' या संस्थेने संकरीकरण दारोदार नेलं ते काही देशद्रोह म्हणून नव्हे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टीन आणि जर्सी यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' केली तीही शेतकऱ्याच्या गरजेपोटीच. हे सगळं मान्य.

पण ज्या जिल्ह्यात राहुरी आहे त्याच जिल्ह्यात घाटघर आहे, आणि दोन्हीकडे एकच मोजपट्टी लावायची हा कुठला शास्त्रीय दृष्टिकोन? संकरित गायीच्या पंधरा लिटरमागे विकतची पेंड, सरकी, मका, मुरघास, पाण्याची सोय, हवेशीर कोरडा गोठा आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. यातलं एकेक काढून घेत चला आणि लिटर किती उरतात ते बघा. २०२४ साली गायीच्या दुधाला सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्याच वर्षी अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी दूधदरासाठी रस्त्यावर बसले. म्हणजे ज्या गायीचं गणित सुटलं असं आपण धरून चाललो आहोत, तिचंही गणित सरकारने हातचा दिल्याशिवाय सुटत नाही. डांगीचा हिशोब वेगळा आहे. तिच्यामागे विकतचं जवळजवळ काही नाही. ती रानातलं गवत आणि पालापाचोळा खाते आणि त्यातून शेण देते, बैल देते, थोडं दूध देते. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा तर आधी शेण आणि पाला पसरावा लागतो. खाचरात चिखलणी करायची तर बैल लागतो. नागली-वरईच्या उतारावर खत डोक्यावरून न्यायचं तर ते गोठ्यात असावं लागतं. दूध हा त्या जनावराचा एक धंदा आहे, एकुलता एक नव्हे. दूध सोडून सगळे रकाने कोरे ठेवायचे आणि मग बेरीज कमी आली म्हणायचं, ही हिशोबाची कुठली पद्धत?

देशीच्या कैवाऱ्यांची पद्धतही याहून बरी नाही. देशी गायीचं आणि म्हणून आरोग्याला चांगलं, असं सांगून विकल्या जाणाऱ्या 'ए-टू' दुधाचं प्रकरण घ्या. दुधातल्या एका प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी कुठला घटक आहे, एवढ्या फरकावर बाटलीची किंमत दुप्पट-तिप्पट होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली उपलब्ध पुरावे तपासले आणि 'ए-वन' दुधाचा रोगांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये वेष्टनावरचे ए-वन, ए-टूचे दावे काढा म्हणून आदेश काढला आणि आठवडा उलटायच्या आत मागे घेतला. आणि गंमत अशी की आपली म्हैससुद्धा ए-टूच देते, पण तिच्या दुधाला कोणी औषधाच्या बाटलीत भरत नाही. देशी गाय आजारी पडत नाही, हाही असाच एक लाडका समज. २०२२ च्या लम्पीने देशी-संकरित असा भेद पाळला नाही. डांगी काटक आहे ती पाऊस, चिखल, उतार आणि उपासमार यांच्यापुढे. तिला अमृताची गाय करून ठेवलं की शहरातलं गिऱ्हाईक दोन वर्षांत दुसऱ्या अमृताकडे वळतं. शिवाय दिवसाला दोन लिटर देणाऱ्या, डोंगरात विखुरलेल्या गायींचं दूध गोळा करून मुंबईला बाटलीत पोचवायचं तर मधल्या माणसाचंच भलं होणार. तो धंदा गीरच्या मोठ्या गोठ्यांना जमेल, डांगीला नाही.

पूजेच्या पक्षाशी माझं भांडण श्रद्धेबद्दल नाही. डोंगरातल्या माणसाची श्रद्धा माझ्या-तुमच्यापेक्षा जुनी आहे, फक्त तिचं तोंड वेगळ्या दिशेला आहे. शहरात वसुबारसेला गाय-वासराला ओवाळतात; त्याच दिवशी अकोले-इगतपुरीच्या आदिवासी गावांत वाघबारस असते. गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात, वर्षभर आमच्या गुरांना सांभाळ म्हणून विनवतात. या दोन सणांत डांगीचा सगळा प्रश्न मावतो. वसुबारसेची गाय अंगणात उभी आहे. वाघबारसेची गाय सकाळी रानात जाते आणि संध्याकाळी परत यायची असते. दुसरीला वाचवायचं तर रानाबद्दल बोलावं लागेल, आणि तिथेच आपली वाचा बसते.

त्याऐवजी आपण काय केलं? 'राज्यमाता'च्या घोषणेबरोबर सरकारने गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला, गायीमागे ५० रुपये देण्याचा निर्णय घेतला. वर्षाचे झाले १८,२५० रुपये. आता डांगीचं वेताचं ४३० लिटर दूध, वासराच्या तोंडचा घोटही न ठेवता, ३० रुपयांनी विकलं असं धरा. १२,९०० रुपये. म्हणजे डांगी जोवर मालकाच्या दावणीला आहे, विते आहे, शेण देते आहे, गोऱ्हे वाढवते आहे, तोवर तिच्यामागे या योजनेतला छदाम नाही. पण मालकाने हात टेकून तिला गोशाळेत सोडलं की तिच्या सगळ्या दुधापेक्षा जास्त पैसे सरकार मोजायला तयार आहे. भाकड, सोडून दिलेल्या जनावरांना आसरा हवाच, गोशाळा चालवणाऱ्यांतली कितीतरी माणसं खस्ता खाऊन ते काम करतात. पण जात टिकते ती निवडलेला वळू, विणाऱ्या गायी आणि चांगलं-वाईट पारखणारा मालक यांच्यामुळे. आसऱ्याला आलेल्या, कळपातून तुटलेल्या गायींमुळे नव्हे. पैसे सोडून देणाऱ्याच्या पुढच्या दारात आणि पाळणाऱ्याला फक्त मानपत्र, हे धोरण डांगी वाचवायला आखलं की संपवायला?

२०१९ च्या पशुगणनेचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. देशात देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत सहा टक्क्यांनी घटला आणि विदेशी-संकरित जवळजवळ २७ टक्क्यांनी वाढला. तिसरा पक्ष इथे पुढे सरसावतो. महाराष्ट्रात गोवंश दीड कोटीवरून एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आला, आणि कत्तलीला वाव असलेल्या पश्चिम बंगालमध्ये तो पंधरा टक्क्यांनी वाढला. बघा, बंदीने गाय मारली. इतकं सोपं नाही. महाराष्ट्रातली घट बंदीच्या आधीपासून चालू होती, बैलांची जागा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर घेत होते, माणसं शहरात जात होती. दोन राज्यांचे दोन आकडे शेजारी ठेवल्याने कारण सिद्ध होत नाही. पण या पक्षाच्या म्हणण्यातला गाभा खरा आहे, आणि तो कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तो गाभा समजून घ्यायला फ्रान्सच्या दक्षिणेकडचं ओब्राक नावाचं पठार बघण्यासारखं आहे. हजार ते चौदाशे मीटर उंची, लांब हिवाळा, गवताशिवाय फारसं काही न पिकणारी जमीन. तिथली गाय पठाराच्याच नावाची: ओब्राक, गव्हाळ रंगाची, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड. तिची वंशनोंदवही १८९३ ची. औत, दूध आणि मांस ही तिन्ही कामं ती करायची. उन्हाळ्यात कळप वर चढायचे, गुराखी दगडी झोपड्यांत राहून तिथेच चीज करायचे. आणि दूध काढताना वासराला आईच्या पुढच्या पायाशी बांधून ठेवायचे, कारण ही गायही वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आपल्याकडे ज्या गोष्टीला मागासलेपण म्हणतात ती तिथेही होती. मग ट्रॅक्टर आला, झोपड्यांत महिनोन्‌महिने राहायला तयार असलेली पोरं पॅरिसला गेली, आणि तज्ज्ञ मंडळींनी सांगितलं, होल्स्टीन बांधा. १९७० च्या दशकाच्या शेवटी ओब्राक गायींची संख्या पन्नास-साठ हजारांवर आली होती.

आज ती दोन लाखांच्या वर आहे. कशी? लागिओल गावातल्या काही तरुण शेतकऱ्यांनी १९६० मध्ये सहकारी संस्था काढून तिथल्या चीजचा धंदा सावरला. १९६१ मध्ये त्या चीजला मूळस्थानाचं संरक्षण मिळालं. पुढे होल्स्टीनचं दूध त्यात चालणार नाही असा नियम झाला. मात्र इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ते चीज आज मुख्यतः दुसऱ्या एका जातीच्या, सिमेंटालच्या दुधाचं असतं. ओब्राकची स्वतःची जात तगली ती मांसावर. वासरू आईजवळच वाढतं, मांसाच्या शारोले जातीच्या वळूशी संकर केलेल्या कालवडी आणि थोराड जनावरं पठाराच्या नावाने, चांगल्या भावाने विकली जातात. गाय डोंगरात राहिली, कारण तिच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक वासराची किंमत ठरलेली होती. आणि या सगळ्याच्या खाली सरकारी पैशाचा भक्कम पाया होता: १९७५ साली युरोपीय समुदायाने डोंगरी शेतीला निसर्गतःच जास्त खर्च येतो हे मान्य करून त्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. दान म्हणून नव्हे, डोंगर उघडा-ओसाड पडू नये म्हणून.

यातलं काय आपल्याला घेता येतं? मांसाचा रस्ता सरळ उचलून आणता येत नाही, आणि तो फक्त कायद्यामुळे बंद आहे असंही नाही. महादेव कोळ्याच्या किंवा मराठ्याच्या घरात गाय मांसासाठी वाढवण्याची कल्पनाच नाही, आणि वाद जिंकण्यासाठी ती त्याच्यावर लादणं हा आणखी एक शहरी उद्दामपणा होईल. पण एक व्यवहार त्या घरांतही होता. थकलेला बैल घोटीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या बाजाराला जायचा, दोरी दुसऱ्याच्या हातात जायची, पुढचं विचारायचं नाही. आलेल्या पैशात भर घालून खोंड घरी यायचा. दांभिकपणा म्हणा हवं तर, पण त्यावर बैलाचं अर्थशास्त्र उभं होतं. १९७६ च्या राज्य कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी केली होती, बैल आणि वळू मात्र अधिकाऱ्याच्या दाखल्याने कापता येत. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि तोही दरवाजा बंद झाला. मला स्वतःला १९७६ ची तडजोड शहाणपणाची वाटते. श्रद्धा राखली जात होती आणि शेतकऱ्याची कोंडीही होत नव्हती.

सर्वोच्च न्यायालयातला वादही इथे आठवतो. १९५८ साली कुरेशी खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की कामातून गेलेल्या बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी वाजवी नाही, कारण चारा मर्यादित आहे. २००५ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातच्या प्रकरणात ती भूमिका बदलली. शेण आणि मूत्र देणारं जनावर निरुपयोगी होत नाही, हा त्यातला एक प्रमुख युक्तिवाद. युक्तिवाद म्हणून त्यात दम आहे. शेणखताची किंमत डोंगरातल्या माणसाला न्यायालयाने सांगायची गरज नाही. पण म्हाताऱ्या बैलाचं शेण जमिनीला मिळतं, चारा कोणाच्या पेंढ्यातून जातो? चार महिने सतत पाऊस, त्यापुढे भाताचा जेवढा पेंढा निघेल तेवढ्यावर जून उजाडेपर्यंत गोठा जगवायचा. त्यात न ओढणारी जोडी पोसायची म्हणजे कालवडीच्या तोंडचा घास काढायचा. मग मालक काय करतो? तो कायदा मोडत नाही, मोर्चा काढत नाही. तो पुढच्या वेळी गोऱ्हा वाढवतच नाही. गाय गाभण राहण्याची फिकीर सोडतो, एक वर्षी गोठ्याची मेख उपटतो. या घटीची बातमी होत नाही. पाच वर्षांनी पशुगणनेत एक आकडा कमी दिसतो, एवढंच.

म्हणून माझा मुद्दा कायद्याच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोघांनाही आहे. कायदा बदलणार नसेल, आणि नजीकच्या काळात तो बदलेल असं मला दिसत नाही, तर ज्या समाजाने बाजाराचा दरवाजा बंद केला त्याने थकलेल्या बैलाची किंमत मोजावी. ती मोजणं हीच त्या श्रद्धेची कसोटी. पुण्य शहराच्या नावावर आणि पेंढा डोंगरातल्या खिरविरे गावाच्या खात्यावर, असं चालणार नाही.

तरीही हे सगळं मार्गी लागलं आणि रान मिळालं नाही, तर डांगी जाणारच. १८८३ साली शेतकऱ्याच्या दुरवस्थेवर लिहिताना जोतीराव फुल्यांनी जंगल खात्याने गायरानं गिळल्याची तक्रार केली, ती १८७८ च्या वनकायद्याच्या पाच वर्षांनंतर. १९३० च्या जंगल सत्याग्रहांत माणसं तुरुंगात गेली, गोळ्या झेलल्या, त्यात चराई हा एक मोठा मुद्दा होता. स्वातंत्र्यानंतर साहेब बदलला, चराईबद्दलचा संशय तोच राहिला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झालं. डांगीच्या मुलखाचा ऐन गाभा त्यात आहे. जंगल राखायला हवं यावर दुमत नाही, अति चराईने रोपं मारली जातात हेही खरं. पण ज्या रानात शेकडो वर्षं गुरं चरली आणि बिबटेही राहिले, तिथे गुरं हेच संकट असं गृहीत धरायला पुरावा काय? २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे, सामूहिक वनाचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. कुठलं कुरण कधी बंद, कधी खुलं, किती गुरं, हे ठरवणारी ग्रामसभा ही अभयारण्याची शत्रू कशी? ज्या गावांना हे हक्क मिळाले आणि ज्यांनी ते नेटाने वापरले तिथे काय झालं, हे बघायला सामूहिक वनहक्कातून स्वतःचा बांबू विकणारं गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव आहे. पण तो धडा आपण बांबूपुरता घेतला, गुरांपर्यंत आणला नाही. 'राज्यमाता' म्हणणाऱ्या एकाही भाषणात मला चराई हा शब्द ऐकू आलेला नाही.

'काम' या शब्दावर कोणी हसेल. पॉवर टिलर आल्यावर बैलाचं काम कुठलं? बरोबर आहे, खाचर सपाट आणि रस्त्याला लागून असेल तर टिलरच परवडतो, आणि परवडत असेल तर घ्यावा. पण खिलारकडे बघा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा खोंडांचे भाव कोसळले, २०२१ च्या डिसेंबरमध्ये परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, आणि आज चांगल्या खोंडासाठी लोक रांग लावतात. शर्यतीचे मी गोडवे गात नाही. जनावराच्या हालाचा प्रश्न तिथे खराच आहे. पण जात टिकायला मागणी लागते, एवढं त्यातून निर्विवाद दिसतं. डांगी धावणारी नव्हे. तिची मागणी भातातून, खतातून, वळूंतून यायला हवी. अकोल्यातल्याच राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांसाठी २०२० साली पद्मश्री मिळाली. त्यांची बियाणी टिकली ती पेरली गेली, शिजली, शेजारणीला मूठभर दिली गेली म्हणून. बरणीत ठेवून हळदकुंकू वाहिलं म्हणून नाही. तिथलाच काळभात हा गावरान भात डांगीच्या शेणखतावर पिकवून त्या नावाने विकणं अशक्य आहे का? राजूरचा पेढा नावाजलेला आहे. त्याच्या डब्यावर कोणत्या गायीचं दूध, कोणत्या डोंगराचं, हे छापायला आजवर कोणाला सुचलं नाही, मग लागिओलचं कौतुक करून काय उपयोग?

पैशाची रचना करणं काही अवघड नाही. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला आधीच आहे, त्यामुळे खोट्या गायी दाखवतील ही भीती जेवढी गोशाळेच्या अनुदानाला लागू तेवढीच इथे. डांगीच्या मूळ तालुक्यांत, विणाऱ्या शुद्ध गायीमागे मालकाच्या खात्यावर गोशाळेइतकीच रक्कम द्या; गावाने राखलेल्या वळूला वेगळं मानधन द्या, म्हणजे भलत्याच जातीची कांडी भरण्याचा, म्हणजे कृत्रिम रेतनाचा, मोह कमी होईल; आणि वयाच्या दाखल्यावर थकलेला बैल ठरल्या किमतीला सरकारने विकत घ्यावा, मग तो हव्या त्या गोशाळेत पाठवावा. कोणी म्हणेल, यात पैसा फार जाईल. जाईल. पण सगळ्या राज्यातल्या सगळ्या गायींसाठी नव्हे, सात-आठ तालुक्यांतल्या एका जातीसाठी. आणि तोही परवडत नसेल तर निदान पुढच्या राजूरच्या प्रदर्शनात पाहुण्यांनी वळूला हार घालून झाल्यावर, त्या वळूला जून ते ऑक्टोबर कुठल्या रानात चरायची लेखी परवानगी आहे, एवढं मंचावरूनच मालकाला विचारावं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या वनाधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावावं.